दम आणि दात

सर : डॉक्टर, खेळताना दातांवर घालायच्या गार्डला माझा विरोध नाही, तो जिथं बसतो त्या जागेबद्दल मला शंका आहे. कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूनं ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. मनातल्या मनात नव्हे, पंचाला ऐकू जाईल असं, स्पष्ट, एका दमात. दम तुटला किंवा नुसतं पुटपुटल्यासारखं वाटलं, तर पंच त्या खेळाडूला माघारी धाडतो आणि गुण समोरच्यांना जातो. बॉक्सिंगवाला तोंडात रबर धरून लढतो, त्याला बोलायचं नसतं. रग्बीवाला गार्ड चावत पळतो, तोही गप्प. आमच्या खेळात तोंड बंद झालं की चढाई संपली. आणि तुम्ही म्हणता, दातांना तारा लावलेल्या मुलीनं वरच्या जबड्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक चढवूनच उतरावं. भोर-वेल्ह्यातल्या शाळांचे सामने ऐन पावसाळ्यात होतात. अंगणात चिखल, हात कोपरापर्यंत माखलेले. त्याच हातानं गार्ड काढायचा नि पुन्हा तोंडात घालायचा? मी पोरं खेळवताना गुडघे गेलेले पाहिलेत, खांदे निखळलेले पाहिलेत. माझ्या यादीत दात फार खाली येतो.

डॉक्टर : खाली येतो, कारण गुडघा गेलेला मुलगा तुमच्यासमोर लंगडतो. दात गेलेला पुढच्या सामन्यालाही येतो, फक्त हसताना तोंडावर हात धरतो. तुमच्या यादीत तो येणार कसा? तेरा वर्षांच्या मुलाचा पुढचा कायमचा दात गेला, तर त्या जागी लगेच इम्प्लांट बसवता येत नाही. जबड्याची वाढ थांबेपर्यंत, म्हणजे अठराच्या आसपास आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे, थांबावं लागतं. कारण इम्प्लांट हाडाला धरून जागच्या जागी राहतो आणि शेजारचे दात वाढीबरोबर खाली उतरत जातात. तोवर काढघालीची कवळी, नाहीतर शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात. दहावी, बारावी, कॉलेजची पहिली वर्षं, सगळी तशीच काढायची.

आता तारा लावलेल्यांचं वेगळं का, ते ऐका. तारा बहुतेक कुणाला लागतात? ज्यांचे वरचे दात पुढे आलेले असतात त्यांना. वरचे दात खालच्यांपेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त पुढे असतील, तर त्यांना मार बसायची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. पुष्कळ अभ्यास एकत्र तपासून १९९९ साली हे मांडलं गेलं. या मुलांचे ओठ नीट मिटत नाहीत, त्यामुळे मार आधी ओठावर न येता थेट दातावर येतो. म्हणजे ज्याला आधीच जास्त धोका, त्याच्याच तोंडात आम्ही धातूचे ब्रॅकेट चिकटवतो. त्यात भर म्हणजे तो दात त्या काळात हलत असतो. तार दाताला ढकलते तेव्हा एका अंगाचं हाड झिजतं, दुसऱ्या अंगाला नवं भरतं. बोटानं दाबलात तर दात किंचित हललेला कळतो. तशात कुणाचं कोपर बसलं, की ब्रॅकेटच्या कडा ओठाच्या आतल्या बाजूत रुततात. टाके घालताना आधी मांसातून ब्रॅकेट सोडवावा लागतो.

सर : पण तुमचीच तार सगळ्या दातांना एकत्र बांधून ठेवते. मार एका दातावर आला तरी तो शेजारच्यांत वाटला जात असेल की. साखळी पकडीत एकट्या खेळाडूवर जोर येत नाही, तसं.

डॉक्टर : थोडं खरं आहे. निखळलेला दात तारेमुळे तोंडातच लोंबत राहतो, खाली पडत नाही, असंही होतं. पण तार जाड नसते, ती वाकते. वाकली की धडधाकट दातांनाही भलत्या दिशेला ओढते आणि काही महिन्यांचं काम मागं जातं. ही काही सोय म्हणून बसवलेली साखळी नाही.

सर : बरं. मग पुरावा दाखवा. ‘गार्ड घातला की दात वाचतात’ हे तुम्ही लोक औषधाच्या जाहिरातीसारखं बोलता.

डॉक्टर : २००७ साली अशा सगळ्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. गार्ड न घालणाऱ्यांना तोंडाच्या इजेचा धोका घालणाऱ्यांच्या १.६ ते १.९ पट निघाला. मेंदूला बसणारा धक्का गार्डमुळे कमी होतो का, याचं समाधानकारक उत्तर त्यात मिळालं नाही, म्हणून तो दावा मी करत नाही. न्यूझीलंडमध्ये रग्बीला १९९८ पासून गार्ड सक्तीचा झाला. तिथं अपघाताची भरपाई सरकारी यंत्रणेकडून मिळते, त्यामुळे हिशेब राहतो. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले.

सर : आणि यात कबड्डी कुठंय? रग्बीत सगळे एकमेकांवर धावून आदळतात. आमच्याकडे एक विरुद्ध सात, आणि पकड बहुतेक कमरेखाली.

डॉक्टर : कमरेखाली म्हणूनच तर सांगते! घोट्याची पकड करायला कोपरारक्षक खाली झेपावतो, तेव्हा त्याचं तोंड कुठं असतं? चढाईपटूच्या गुडघ्यासमोर. चढाईपटू पाय झटकतो तो टाचेसकट. दोघं रक्षक एकाच वेळी घुसले तर कपाळ दातावर आपटतं. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. रग्बीचे आकडे मी कबड्डीला जसेच्या तसे लावत नाही, पण गुडघा आणि वरचा पुढचा दात समोरासमोर आल्यावर काय होतं, त्याला आकडा कशाला हवा?

सर : हे मान्य. आता व्यवहारावर या. तारा लावलेल्या एका मुलाच्या पालकांनी क्रीडासाहित्याच्या दुकानातून काही शे रुपयांचा गार्ड आणला. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की तोंडात धरून चावायचा, की दातांचा साचा तयार. पोरानं घरी तसं केलं, आणि काढताना एक ब्रॅकेट सोबत निघून आला. तुम्ही सांगितलेल्या उपायानंच तुमचा उपचार मोडला. यावर काय?

डॉक्टर : ते माझ्या उपायानं नाही, माझ्या अर्धवट सल्ल्यानं मोडलं. ‘गार्ड घे’ एवढंच सांगून आम्ही मोकळे होतो आणि कुठला ते सांगत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष आहे. उकळून बसवायचा गार्ड साध्या दातांना चालतो. तारांवर तो घातला की मऊ प्लॅस्टिक ब्रॅकेटच्या खाचांत, तारेच्या मागं शिरतं आणि थंड झाल्यावर तिथंच अडकून बसतं. समजा अडकला नाही, तरी दुसरी भानगड आहे. तो आजच्या दातांचा साचा धरतो, आणि आमचा सगळा उपचार दात आजच्या जागेवर राहू नयेत म्हणून चाललेला असतो. सुळा मागं नेताना तो महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दोन-तीन महिन्यांत घट्ट बसणारा गार्ड एक तर ढिला होतो, नाहीतर दात जिकडे जायला हवेत तिकडून त्यांना मागं रेटतो.

तारांसाठी गार्ड करायचा तर तोंडाचं माप घ्यायचं, साच्यावर ब्रॅकेट आणि तार मेणानं किंवा पुट्टीनं झाकून घ्यायच्या, दात ज्या दिशेनं जाणार त्या बाजूला जागा सोडायची, आणि मग वरून प्लॅस्टिकची शीट तापवून निर्वातानं ओढून घ्यायची. पुढचा भाग जाड, टाळूकडचा पातळ. दात बरेच सरकले की तो पुन्हा करायचा. उपचार दीड-दोन वर्षं चालतो, तेवढ्यात दोन-तीनदा तरी. बिनसाच्याचे, तारांसाठी मुद्दाम केलेले सिलिकॉनचे तयार गार्डही मिळतात. ते उकळायचे नसतात आणि दात सरकले तरी चालतात. पण ते चावून धरून ठेवावे लागतात, तोंड उघडलं की सुटतात.

सर : आणि चढाईला तोंड उघडंच.

डॉक्टर : हो, म्हणून तुमच्या मुलींना ते नाहीच चालणार.

सर : म्हणजे राहिला तो मापाचा. तो वस्तू म्हणून एकदा विकत घेऊन भागत नाही, त्याच्यामागं डॉक्टर लागतो, दर काही महिन्यांनी. आणि डॉक्टर कुठं? वेल्ह्यातून, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणायचं त्यातून, विंझर, मार्गासनी करत नसरापूरला या, हमरस्त्याला लागा, मग कात्रज. केळद-पासलीकडच्या पोरीला आधी वेल्ह्यालाच यायला किती वेळ लागतो, विचारून बघा. भोरचं त्या मानानं बरं; पण हिरडस मावळातलं, नीरा-देवघरच्या पाण्यामागचं गाव धरलं तर तिथंही दिवस मोडतो. बाप रोजावर जाणारा, आई शेतात. तारेसाठी महिन्या-दीड महिन्याला एक दिवस मोडतोच, तो दात दिसतात म्हणून मोडतात. गार्डसाठी वेगळा दिवस कोण मोडेल?

डॉक्टर : वेगळा मोडूच नये. तार आवळायला येतात त्याच दिवशी माप घेता येतं, पुढच्या खेपेला गार्ड हातात. भोरची एसटी स्वारगेटला जाते ती सातारा रस्त्यानंच, आणि त्याच रस्त्यावर धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. तिथं पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली तारा लावतात. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी पडतो. २०२३ पासून बायका-मुलींना एसटीचं तिकीट निम्मं आहे. मायलेकी आल्या तर एका तिकिटात दोघी. हे मी जमाखर्चासारखं सांगतेय खरी, पण या भागात उपचार टिकतो की सुटतो ते अशाच गोष्टींवर ठरतं. अडचण अंतराची आहेच, पण त्याहून मोठी ही की माप घ्यायला आलेल्या मुलीला कुणी विचारत नाही, ‘तू काय खेळतेस?’ आम्ही फॉर्मवर ॲलर्जी विचारतो, खेळ विचारत नाही.

सर : तो विचारा. आणि विचाराल तेव्हा ‘कुठं खेळतेस’ हेही विचारा. कोपरारक्षक की चढाईपटू. कारण तुम्ही मघाशी म्हणालात ते माझ्या डोक्यात फिरतंय. मार बसतो तो पकड करणाऱ्याला, आणि पकड करणाऱ्याला दम घ्यायचा नसतो. म्हणजे तारा असलेल्या मुलीला कोपऱ्यावर ठेवली, चढाईला पाठवलीच नाही, तर गार्ड घालून ती गप्प खेळू शकते. झालं की.

डॉक्टर : हे मला सुचलं नव्हतं.

सर : थांबा, मीच पुढं जाऊन पाडतो ते. संघ बाद होत होत शेवटची एकटी उरली, की चढाईला तिलाच जावं लागतं, रक्षक असो नाहीतर कोणी असो. सामना नेमका तिथंच फिरतो. त्या चढाईला ती गार्ड घालून काय बोलणार?

डॉक्टर : मापाच्या गार्डनं बोलता येतं. ‘क’ जिभेच्या मागच्या भागानं होतो, तिथं गार्ड पोचतच नाही. ‘ड्ड’ला जिभेचं टोक टाळूला लागतं. उकळून बसवलेला गार्ड आतल्या बाजूनं जाड असतो, म्हणून जीभ त्याला अडते. मापाच्या गार्डची टाळूकडची कड हिरडीजवळच संपवता येते, टाळू मोकळी राहते. खरी अडचण ‘ब’ची, कारण त्याला ओठ मिटावे लागतात, आणि ज्यांचे दात पुढे आहेत त्यांचे ओठ गार्डशिवायही कष्टानंच मिटतात. वर पुढून तीन मिलिमीटरची भर. सरावानं जमतं, पण पहिल्या दिवशी नाही. पहिले काही दिवस लाळ सुटते, मळमळल्यासारखं होतं. गार्ड सामन्याच्या सकाळी पिशवीतून काढला तर ती मुलगी तो थुंकून टाकणार, यात शंका नाही.

सर : सरावालाच घालायचा म्हणता. ठीक. पण आता माझा दुसरा हिशेब ऐका, तो तुम्हाला आवडणार नाही. दात निखळला तर काय करायचं, हे माझ्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. मलाही एका शिबिरात कळलं. कायमचा दात असेल तर मुळाला हात लावायचा नाही, वरून धरायचा, घासायचा-पुसायचा नाही, जमलं तर तिथंच खाचेत परत बसवायचा, नाहीतर दुधात टाकून डॉक्टर गाठायचा, आणि तेही जितक्या लवकर तितकं. अर्ध्या तासाच्या आत परत बसला तर जगण्याची आशा चांगली. आमच्याकडे गावोगाव दूध संकलन केंद्र आहे, दुधाला तोटा नाही. हे शिकवायला पैसा लागत नाही, माप लागत नाही, एसटी लागत नाही, आणि ते वर्गातल्या प्रत्येकाला लागू पडतं. तुमचा गार्ड लागू पडतो तारा लावलेल्यांना. भोर-वेल्ह्यात तारा लावतात ते कोण? ज्यांना परवडतं ते. ज्यांचे दात तितकेच पुढे आहेत पण घरात तारांचा विषयच निघत नाही, ती पोरं तुमच्या चिंतेत कुठं आहेत? तुम्हीच म्हणालात, धोका पुढं आलेल्या दाताला. तारेला नव्हे.

(इथं सरांचं पारडं जड झालं असं मला वाटतं. दंतवैद्यकाचं लक्ष दवाखान्याचा उंबरा चढून आलेल्या तोंडावर असतं. न आलेल्या तोंडाबद्दल शाळेतला मास्तरच बोलू शकतो.)

डॉक्टर : बरोबर धरलंत. आणि यात एक उलटी गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणवत नाही. ज्यांना तारा नाहीत, त्यांना तो स्वस्तातला उकळून बसवायचा गार्ड बऱ्यापैकी चालतो. महागाचा लागतो तो तारा लावलेल्यांना. म्हणजे ज्या मुलांना काहीच मिळत नाही, त्यांची सोय सर्वांत कमी पैशांत होण्यासारखी आहे, आणि तीच कुणी करत नाही. शाळा पाच-सात गार्ड घेऊन ठेवू शकते असं नाही, कारण गार्ड एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. पण ज्या मुलांचे दात पुढे आहेत त्यांची नावं तुम्ही आज संध्याकाळी सांगू शकाल. आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, कीड नोंदवतं. पुढे आलेला दात आणि कबड्डी ही जोडी कुणी नोंदवत नाही. दुधाचं मात्र मी ‘त्याऐवजी’ म्हणून मानणार नाही. परत बसवलेला दातही पुढे वर्षानुवर्षं मुळातून झिजू शकतो. आग विझवता येते म्हणून चुलीजवळ रॉकेल ठेवत नाही कुणी.

सर : मग सरळ नियम करा. मी उगाच शंका काढत नाही, माझं मत बदललंय. स्पर्धेच्या पत्रकात एक ओळ घाला : तारा असतील तर गार्ड, गार्ड नाही तर मैदान नाही. सामन्याआधी पंच नखं बघतातच, तोंड उघडायला लावतील. चौदा, सतरा, एकोणीस, तिन्ही वयोगटांना. नियम झाला की दम ऐकण्याचाही निकाल लागेल, कारण गार्डमधून आलेला दम मान्य करायचा की नाही हे पंचांना कागदावर ठरवावंच लागेल. आज तुम्ही एकट्या पोरीला तुमच्या भरवशावर प्रयोगाला उभी करताय. तिच्या उच्चाराला एका पंचानं हरकत घेतली की तिचा गार्ड कायमचा घरी. बाहेर नाहीत का असे नियम?

डॉक्टर : आहेत. अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉलला १९६२ पासून गार्ड सक्तीचा आहे. तिथल्या शालेय कुस्तीत तर तारा लावलेल्या मुलाला त्या झाकणारा गार्ड घालावाच लागतो, बाकीच्यांना नाही. म्हणजे तुमची ओळ तिथं जवळजवळ जशीच्या तशी आहे. दम मान्य करण्याबद्दल तुम्ही म्हणालात तेही खरं. तरी मला ही सक्ती नको वाटते.

सर : तुम्हाला? आणि मघापासून गार्ड गार्ड कोण करतंय?

डॉक्टर : मीच. ऐका. माझ्याकडे या भागातून तारा लावायला कोण येतं? मुली जास्त. का, ते तुम्हाला माहीत आहे. ‘दात पुढे आहेत, उद्या स्थळं येताना अडचण.’ पैसे उभे राहतात ते या एका वाक्यावर. कबड्डीसाठी त्याच घरात बूट घ्यायचे झाले तर काय बोललं जातं तेही तुम्हाला माहीत आहे. आता या घरात तुमचं पत्रक पोचलं. गार्डला काही हजार, तेही दोन-तीनदा. बाप काय करेल? तारा काढेल? नाही. कबड्डी काढेल. नियम मोडायची वेळच येणार नाही, कारण खेळाडूच उरणार नाही. मुलाच्या बाबतीत कदाचित उलटं होईल, तारा पुढे ढकलतील, खेळू देतील. म्हणजे एकच ओळ, आणि घराघरात तिचा अर्थ पोरगा आहे की पोरगी यावर ठरणार.

सर : डॉक्टर, मग तुमचा सल्ला तरी दुसरं काय करतो? दवाखान्यात बसून तुम्ही सांगता, ‘गार्डशिवाय खेळू नकोस.’ बापाला त्यातलं ‘खेळू नकोस’ एवढंच ऐकू येतं. पत्रक निदान सगळ्यांना एकसारखं असेल, त्यावर आम्ही भांडू शकू, शाळेकडे, पंचायत समितीकडे गार्डला पैसे मागू शकू. तुमच्या सल्ल्यावर कुणाशी भांडायचं? पोरगी दुसऱ्या दिवशी सरावाला येत नाही. विचारलं तर म्हणते, डॉक्टरांनी नको सांगितलंय.

डॉक्टर : असं झालंय?

सर : तारेचं नाव न सांगता झालेलंही असेल. मला कारण कोण सांगतंय?

डॉक्टर : मग मी म्हणू तरी काय? ‘गार्डशिवाय खेळ’ असं तर लिहून देऊ शकत नाही. दात मी माझ्या हातानं हलका केलाय. त्याला लागलं तर ती जबाबदारी झटकून ‘खेळ आहे, लागायचंच’ असं मी म्हणणार नाही. फार तर बोलण्याचा क्रम बदलू शकते. आधी विचारायचं, कोपऱ्यावर खेळतेस की चढाई करतेस; मग सांगायचं, तारा असल्या तरी खेळ सुटणार नाही; आणि मग गार्ड, तोही तारांच्या खर्चातच धरून, म्हणजे नंतर वेगळा आकडा निघायचा नाही. तुम्ही सरावाला तो घालून दम घ्यायला लावा. पंचाच्या जागी तुम्ही उभे राहा, आणि ऐकू येतं का ते प्रामाणिकपणे सांगा.

सर : सांगेन. आणि ऐकू नाही आलं तर?

डॉक्टर : तर मी आतली कड आणखी कमी करेन.

सर : तरीही नाही आलं, सामना जिल्ह्याचा असला, आणि ती एकटी उरली तर? आधीची चढाई संपल्यापासून पाच सेकंदांत पुढची सुरू करावी लागते. मी ‘काढ’ म्हणून ओरडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुम्हाला वाटतं मी ओरडू नये?

डॉक्टर : तुम्ही ओरडू नये. काढायचा की ठेवायचा हे नाणेफेकीच्या आधी ठरलेलं असावं, तिच्याशी बोलून, आणि वडिलांसमोर. त्यांनी होकार दिलेला असला तर पुढं काही झालं तरी तिचा खेळ बंद होणार नाही.

सर : वडील सामन्याला येत नाहीत, डॉक्टर. ते तुमच्याकडे येतात.